नील बेटावरचा सरवा

पार्बताबाई,

हे पत्र दिव्यानी तुम्हाला वाचून दाखवेल. एकही शब्द गाळायचा नाही आणि तुम्ही मध्ये बोलायला लागलात तरी थांबायचं नाही, असं मी तिला बजावलं आहे. तुम्ही बोलणारच. मागच्या वर्षी विमानात ती मुलगी उभी राहून पट्टा कसा बांधायचा ते दाखवत होती, तेव्हा तुम्ही तिलाही सोडलं नाहीत. "पोरी, गाडी हालून राह्यली, बस नं खाली," म्हणालात. अख्खं विमान हसलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

परवा फोनवर तुम्ही मला ताटाचं ऐकवलंत आणि माझं उत्तर न ऐकताच फोन ठेवलात. उत्तर नव्हतंच माझ्याकडे, ती गोष्ट वेगळी. पण वर्षभर साठलेला राग आहे, तो आधी ऐका. ताटाचं शेवटी बोलू.

एक अडचण आहे. तुमचीच हकीकत तुम्हाला सांगून काय उपयोग? हे मी चार लोकांनाही वाचायला देणार आहे, आणि त्यांना तुम्ही कोण हे माहीत नाही. तेव्हा इथून पुढे मी त्यांच्याशी बोलते. तुम्ही ऐका, आणि तोंडात खर्रा असेल तर थुंकून या.

तर, पार्बताबाई गुरनुले ही माझी विहीण. आमच्याकडे विहिणीला ईनबाई म्हणतात, म्हणून त्या मला ईनबाई म्हणतात. मी त्यांना पार्बताबाई म्हणते, कारण मी शाळेत शिक्षिका होते आणि मला हजेरीची सवय आहे. वय अडुसष्ट. पोंभुर्ण्यापासून चार किलोमीटरवर गाव, तीन एकर धानाची शेती, आणि शेताचा शेवटचा धुरा संपतो तिथून जंगल सुरू. नवरा बापूजी एकोणीस वर्षांपूर्वी काविळीने गेला. मुलगा धनराज तेव्हा आयटीआयला होता. तेरवीच्या दिवशीच दिराने शेत बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने, मागितलं. बाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं, पानसुपारी दिली, आणि दुसऱ्या दिवशी विळा कमरेला खोचून स्वतः बांधीत उतरल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, घालून पाणी अडवलेलं धानाचं शेत. त्या बांधीतून त्या आजपर्यंत बाहेर आलेल्या नाहीत. उन्हाळ्यात मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात बांबूचे कोंब, आणि हे सगळं सांभाळून धान. मुलाला शिकवलं, भद्रावतीच्या फॅक्टरीत नोकरीला लावलं, माझी मुलगी सून करून घेतली. हुंडा मागितला नाही. "तुमची पोरगी शिकली हाये, धनराजले चिठ्ठी-चपाटी वाचून दाखवन," एवढंच म्हणाल्या.

माझी मुलगी ज्योत्स्ना तेव्हापासून धनराजसोबत फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहते, आता सोबत आमची नात दिव्यानी. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, चोवीस तास पाणी. चौथ्या माणसाची सोय आहे. पण चौथं माणूस यायला तयार नाही.

हट्टाचं कौतुक एरवी मीही केलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी कापणीच्या दिवसांत शेजारच्या गावची एक बाई धान कापताना वाघाने नेली. दिवसाढवळ्या, अकरा वाजता. धान कापायला वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. तेव्हापासून धनराजचं जेवणावर लक्ष नाही. पार्बताबाईंना विचारलं तर म्हणतात, "वाघ मले बी दिसला. त्यानं मले पायलं, मी त्याले पायलं. दोघाईले काम होतं, आपापल्या वाटेनं गेलो."



मागच्या वर्षी धनराजला सरकारी प्रवास सवलत मिळाली. त्याने अंदमान ठरवलं. मी तर पहिल्याच दिवशी होकार दिला. मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटीची आकृती डोळे मिटून काढू शकते. प्रवाळाचे तीन प्रकार झोपेतून उठवून विचारा. पण आयुष्यात एकही प्रवाळ पाहिलेला नाही. चंद्रपूर जिल्ह्याला समुद्र दोन्ही बाजूंनी लांबच. मग ज्योत्स्ना म्हणाली, पार्बताबाईंनाही न्यायचं.

"कापणी सोडून येतील?"

"आणायचंच. आई, तू बोल त्यांच्याशी. शेत ठेक्याने द्या आणि इकडे राहायला या, म्हणून सांग. तुझं ऐकतील."

"माझं कोणी ऐकत नाही. एकतीस वर्षं कोणी ऐकलं नाही."

"मामी, मी बोललो का माय चहा ठेवाले उठते," धनराज म्हणाला. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. "नाई तं म्हणते, बांधीत डुक्कर आलं वाटते, अन् चालली जाते."

"आणि बेटावर कुठे उठून जातील? चारी बाजूंनी पाणी," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा हा बेत मला तेव्हा फार हुशारीचा वाटला होता.

पार्बताबाई एका फोनवर तयार झाल्या. तिथेच मला संशय यायला हवा होता. "हाव, येतो नं," म्हणाल्या. "फक्त पंधरा तारकेच्या आत वापस. भारी धान पिकून राह्यला." भारी म्हणजे उशिरा कापणीला येणारा.

नागपूरच्या विमानतळावर त्यांची पिशवी यंत्रातून गेली आणि घंटा वाजली. आत चिवडा, सुपारी, एक लुगडं आणि विळा. धारदार, कापणीचा विळा. जवान त्या विळ्याकडे पाहत राहिला आणि मी छताकडे.

"माय, इळा कायले आणला?" धनराज रडायचाच बाकी होता.

"कापणी लागल्यावर इळा हातचा सोडत नाईत. तुले मालूम नाई? तुह्या बापानं बी कदी सोडला नाई."

हे खरं आहे. पहिल्या दिवशी विळ्याला हळदकुंकू वाहिलं की शेवटची बांधी कापून होईपर्यंत तो त्या दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, घरी ठेवून गावाला जात नाहीत. कापताना तहान लागली तरी विळा काखेत धरून पाणी पितात. पण हे त्या जवानाला हिंदीत कोण समजावणार? मी समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विळा टोपलीत टाकला. पट्टा दाखवणाऱ्या त्या मुलीला बोलल्या तेवढंच, एरवी पार्बताबाई कोलकात्यापर्यंत बोलल्या नाहीत. तो एवढाच काय तो सहलीतला शांततेचा काळ.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चपला काढून हात जोडले. पार्बताबाई पुढे झाल्या, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरावी तसं थुंकलं.

"एवढं पाणी," म्हणाल्या, "अन् एक बांधी भिजवाच्या कामाचं नाई."

मी हात सोडले आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी हॅवलॉक बेटावर जंगलातून चालत किनाऱ्यावर जायची वाट होती. मी दुर्बीण घेतली होती. तिथले काही पक्षी जगात दुसरीकडे नाहीत, त्यांची यादी मी वहीत करून नेली होती, चौदा नावं. पण आमच्या पार्बताबाई जंगलात शिरल्या की टाळ्या वाजवतात. आमच्याकडे सगळेच वाजवतात. अस्वलाला आणि वाघाला आधी कळवावं लागतं की माणूस येतोय, म्हणजे तोही बाजूला होतो. दहा पावलं झाली की टाळी, वळण आलं की "हाऽ हाऽ हो!"

"पार्बताबाई, इथे वाघ नाही."

"दिसत नाई म्हना."

"अहो, नाहीच. बेटावर वाघ पोहोचलाच नाही. अस्वल नाही, बिबट्या नाही, कोल्हासुद्धा नाही."

त्या थांबल्या. एवढं दाट जंगल, बुंध्याला दोघांची मिठी पुरणार नाही अशी झाडं, वेली, काळोख. सगळीकडे नजर फिरवून म्हणाल्या, "तुमाले कोनं सांगतलं?"

"मी भूगोल शिकवत होते!"

"मंग ठीक हाये," म्हणाल्या आणि सवयीने टाळी वाजवली. चौदातला एकही पक्षी मला दिसला नाही. कावळा दिसला.

किनाऱ्यावर मगरींपासून सावध राहण्याचा फलक होता. दिव्यानीने तो वाचून दाखवला आणि बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान आलं. "पाहा, म्हणलं होतं नं. इथला वाघ पाण्यात हाये." आणि हे बोलून स्वतःच लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून लाल झेंड्याच्या पलीकडे पाण्यात उतरल्या. किनाऱ्यावरच्या रक्षकाने शिट्टी फुंकली. अशी कर्कश, की शंभरेक माणसं जागच्या जागी थांबली. पोहणारे थांबले, नारळ पिणारे थांबले, पार्बताबाईसुद्धा थांबल्या. मी त्यांना कोणाच्या सांगण्यावरून थांबलेलं त्याआधी पाहिलेलं नव्हतं. पाण्यातून बाहेर येऊन त्या सरळ त्या रक्षकाकडे गेल्या आणि त्याच्या गळ्यातली शिट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. तो बिचारा मान पुढे काढून उभा.

"एवढीशी वस्तू," मला म्हणाल्या, "अन् सारे थांबले."

ज्योत्स्ना रोज संध्याकाळी माझ्याकडे भुवया उंचावून पाहायची. बोललीस? मी रोज मान हलवायची. नाही. कारण मी "पार्बताबाई, जरा बसा," म्हटलं की त्या बसायच्या आणि मला कोणाच्या तरी गुराढोरांचं सांगायच्या. तिसऱ्या दिवशी मी स्पष्टच सुरुवात केली. "त्या क्वार्टरच्या मागे पेरूचं झाड आहे ना..." "हाव, कीड लागली त्याले. धनराजले म्हणलं फांदी छाट," आणि पेरूवर पाऊण तास. चारी बाजूंनी पाणी असूनही बाई उठून जात होत्या, जागच्या जागी बसून.

शेवटचा मुक्काम नील बेटावर. लहान बेट, मधोमध धानाची शेतं, कडेने समुद्र. किनाऱ्यांची नावं लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. लक्ष्मणपूरला खडकाचा नैसर्गिक पूल आहे. ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं, आणि खडकांच्या खळग्यांत जिवंत प्रवाळ दिसतात, पाण्याखाली डोकं न घालता. माझ्यासारख्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला एवढी एकच संधी. मी वेळापत्रक पाहून ठेवलं होतं. पावणेसहाला तळाची ओहोटी, साडेसातनंतर पाणी चढणार. दुपारी बोट, दुसऱ्या दिवशी विमान.

रात्री सगळ्यांना सांगून ठेवलं. पहाटे पाचला पार्बताबाई तयार. आम्ही बूट घालत होतो.

"मी होतो समोर, तुमी या," म्हणाल्या आणि निघाल्या.

आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. पार्बताबाई नाहीत.

मग जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण आठवलं की अजून डोकं दुखतं. धनराज "माय! माय!" करत पाण्याच्या कडेने धावला. त्याच्या मनात मगर. ज्योत्स्ना हॉटेलकडे धावली. मी मात्र विचार केला, की ही बाई समुद्राकडे स्वतःहून कधी गेलेली नाही, आत्ताच का जाईल? मी मागे वळून शेतांच्या रस्त्याला लागले. घड्याळात सहा वाजून दहा.

अर्ध्या कापलेल्या एका शेतात पार्बताबाई ओणव्या होत्या. लुगड्याची ओटी केली होती आणि तिच्यात लोंब्या भरत होत्या. सरवा वेचत होत्या. भारे उचलून नेल्यावर बांधीत ज्या लोंब्या पडून राहतात तो सरवा. आमच्याकडे तो वेचणाऱ्याचा. मालक हरकत घेत नाही. घेतली तर गावात त्याचं नाव निघतं. पार्बताबाईंनी पडलेला सरवा पाहिला आणि त्यांचे हात चालू झाले. समुद्रापलीकडे हजार मैलांवर वेगळी रीत असेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

समोरून एक बाई काठी घेऊन आली. मागे तीसेक बदकं.

"ए बुढी! क्या करता है? वो हमारा हाँस का है!"

"कोन हाँस?" पार्बताबाई तिच्या नवऱ्याचं नाव असावं अशा आवाजात म्हणाल्या.

"हाँस, हाँस! बदक! वो खाएगा, तुम काहे को उठाता है?"

पार्बताबाई सरळ उभ्या राहिल्या. आधी बदकांकडे पाहिलं, मग ओटीकडे.

"सरवा बदक का? ओ बाई, हमारे तरफ सरवा मानूस का रयता. बदक को कोन पूछता?"

मी मध्ये पडले. माझी हिंदी शुद्ध आहे. ही बाई चोर नाही, हिला सवय आहे, आम्ही महाराष्ट्रातून आलोय, चंद्रपूर, असं सगळं सांगितलं. चंद्रपूर त्या बाईला कळेना. "चांदा जिल्हा," पार्बताबाई म्हणाल्या. चांदा हे चंद्रपूरचं जुनं नाव. ते ऐकल्यावर तिने काठी खाली केली. तिचं नाव शेफाली मंडल. वडील पूर्व बंगालातून आले, सरकारने त्यांना या बेटावर जमीन दिली. तशाच त्यांच्या गावच्या काही कुटुंबांना चांदा जिल्ह्यात पाठवलं होतं. आमच्या गडचिरोलीकडे, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातच, मुलचेऱ्याला बंगाल्यांची गावंच्या गावं आहेत, ती हीच माणसं. "हाव, हाव," पार्बताबाईंनी मान डोलावली, "बजार में आते. अच्छी मच्छी देते, पर भाव करना पडता."

मग त्यांनी ओटीतल्या सगळ्या लोंब्या बदकांपुढे ओतल्या. एकही ठेवली नाही. आणि शेफालीच्या कमरेचा विळा हात पुढे करून मागितला. "दे इधर. तुम्हारे बदक का नुकसान किया, भरून देतो." शेफालीचा नवरा पर्यटकांना बोटीतून फिरवायला गेलेला, उरलेलं अर्धं शेत ती एकटीच कापत होती. तिने विळा दिला. पार्बताबाईंनी धार अंगठ्यावर पाहिली, तोंड वाकडं केलं आणि वाकल्या.

मी धनराजला फोन लावला. सापडल्या म्हटल्यावर तो आधी रडला, मग चिडला. मागून ज्योत्स्नाने फोन घेतला.

"आई, तू तिथेच थांब. आत्ताच बोल, याहून चांगली वेळ नाही. आम्ही दिव्यानीला पूल दाखवून आणतो."

"अगं, पण प्रवाळ मला..."

फोन बंद. सहा वाजून पस्तीस मिनिटं. ओहोटी तिकडे, मी इकडे, बदकांच्या घोळक्यात एका धुऱ्यावर बसलेली. एकतीस वर्षं थांबलेली बाई. मला तेव्हा वाटलं ते मी इथे लिहीत नाही, दिव्यानीला वाचायचंय.

बोलायचं म्हणून मी पार्बताबाईंकडे पाहत बसले. आणि काहीतरी वेगळं दिसतंय असं वाटत राहिलं, काय ते कळेना. त्याच्या आदल्या कापणीला मी पोंभुर्ण्याला दोन दिवस होते. तेव्हा त्यांना कापताना पाहिलं होतं. दोन मुठी कापायच्या, मान वर, जंगलाकडे नजर. दोन मुठी, मान वर. कोंबडी पाणी पिते तसं. दिवसभर. इथे बाई वाकल्या त्या वाकलेल्याच. धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत एक सरळ पट्टा कापत गेल्या, परत फिरल्या, दुसरा पट्टा. कापलेल्या मुठी एका रेघेत पडत होत्या. शेफाली कापायचं सोडून कमरेवर हात ठेवून पाहत होती. एकदाही मान वर नाही.

शेवटी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. विळा मांडीवर.

"पार्बताबाई, मला तुमच्याशी बोलायचंय."

"मालूम हाये. कुआटरात राहाले या म्हनून. शेत ठेक्यानं द्या म्हनून."

"कोणी सांगितलं?"

"इमानाचं तिकट काढलं तवाच समजलं. धनराज मले चंदरपूरले सिनेमा दाखवत नाई, एकदम समुद्र कायले दाखवन?"

"मग आलात कशाला?"

"समुद्र पाहाले. तुमी कायले आल्या?"

प्रवाळ पाहायला, असं म्हणायची ती वेळ नव्हती.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, "आज मान वर नाई करा लागली. पायलं तुमी? बारा-तेरा वर्सं झाले असन, असा कापला नोता. अंग कसं मोकयं वाटून राह्यलं." पाठीवर हात फिरवला. "भेव मले बी हाये. धनराज समजते मायले भेव नाई. भेव नाई तं टाळ्या कायले वाजवतो? पन कुआटरात काय करू? वर पाहाले वाघ नाई, खाली वाकाले धान नाई. तुमच्या पोरीचा टीवी पाहून मान आखडन."

"मग इथेच राहा ना! वाघ नाही, धान आहे," मी वैतागून म्हणाले.

"इथी माह्यी बांधी कुठी हाये?" एवढं शिकलेल्या बाईला एवढं कळू नये, अशा नजरेने त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मग म्हणाल्या, "एक काम करा. मले ती शिट्टी आनून द्या. त्या समुद्रावरच्या पोराकडे होती तशी."

"शिट्टी कशाला?"

"बांधीत आत्ता मी ताट वाजवतो, वाघानं आयकावं म्हनून. दर घडीले. ताट वाजवाले दोन हात लागते, इळा खाली ठेवा लागते, काम तुटते. शिट्टी तोंडातच राहीन. वाकल्या वाकल्या फुकता येते. तुमच्या शाळेत असन."

मला हसू आलं नाही. मी तसं मोजूनच पाहिलं मनात, बरोबर होतं. अकरा वाजता नेलेल्या त्या बाईच्या हातातही विळाच होता, आणि दुसऱ्या हातात धानाची मूठ.

"आणते," मी म्हणाले. "पोंभुर्ण्याला पाठवते."

"लोखंडाची आना. पिलास्टिकची नोका आनू."

साडेआठला बाकीचे ओले होऊन परत आले. दिव्यानीने मला फोनवर फोटो दाखवले: पूल, खळगे, निळा तारामासा, आणि प्रवाळ, हिरवट, जांभळा, मेंदूसारखा. "आजी, तू हवी होतीस." हवी होते ना. शेफालीने सगळ्यांना नारळपाणी दिलं आणि पार्बताबाईंना मूठभर लोंब्या, हाँसच्या वाट्यातल्या म्हणून, हसत. ज्योत्स्नाने भुवया उंचावल्या.

"बोललीस?"

"बोलले."

"मग?"

"धान पिकलाय म्हणाल्या."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पेपर फोडला आहे.

नागपूरला उतरलो तर बाई विमानतळावरूनच बस स्टँडला निघाल्या. क्वार्टरमध्ये एक रात्रसुद्धा नाही. मूल गावाच्या नाक्यावर उतरून कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून गावी पोहोचल्या, नवा विळा घेतला, आणि पंधरा तारखेला बांधीत होत्या. शेफालीच्या लोंब्या दारावर टांगल्यात, आपल्या लोंब्यांच्या शेजारी. धनराजने उन्हाळ्यात विषय परत काढला. त्या चहा ठेवायला उठल्या.

आता तुम्हीच ऐका, पार्बताबाई. बाकीच्यांना कळायचं ते कळलं.

शाळेत मी गेले होते. पीटीच्या मास्तरांचं कपाट आता संगणकांच्या खोलीत गेलंय आणि त्याची किल्ली कोणाकडे नाही. मग चंद्रपूरला खेळाच्या सामानाचं दुकान आहे, तिथे जायचं ठरवलं. त्या दुकानासमोरून मी वर्षभरात चार वेळा गेले. एकदा पायरीवर चढलेसुद्धा. पण प्रत्येक वेळी मनात आलं, की ही शिट्टी मी पाठवली म्हणजे तुम्ही त्या जंगलाच्या कडेला एकट्या वाकता याला मीच हो म्हटलं. उद्या काही झालं, तर ज्योत्स्ना आणि धनराज मला विचारतील. आणि काही न होता तुम्ही शिट्टी फुंकत बसाल, तर तुम्हाला तिथून कोणी हलवू शकणार नाही. नाही पाठवली तर? तरी तुम्ही वाकणारच, हे मला नील बेटावर कळलं होतं. तेव्हा न पाठवून मी कोणाचं भलं केलं, ते तुम्हीच सांगा. फोनवर विचारायच्या तेव्हा "पाठवते, पाठवते" म्हटलं. तुम्हीही पाच-सहा वेळा विचारून सोडून दिलंत.

परवा तुमचा फोन आला. "ईनबाई, झाली कापनी. तुमच्या शिट्टीची वाट पाहून पाहून ताट चेपलं. आता भात वाढला का ताट लोळते." आणि फोन ठेवलात.

रविवारी धनराज आणि दिव्यानी येतील. त्यांच्याबरोबर चिवडा आहे, तुमची सुपारी आहे, आणि एक नवं ताट आहे. जाड बघून घेतलंय. ते घेतलं त्या भांड्याच्या दुकानाच्या शेजारचंच ते खेळाचं दुकान. काचेमागे शिट्ट्या टांगलेल्या दिसत होत्या, लोखंडीच. मी ताट पिशवीत घातलं आणि ऑटोवाल्याला हात केला.